प्रतिसाद: बांधावरची झाडं आणि भातावरची सावली

बांधावर झाडं लावली की भातावर सावली पडून पीक घटतं, हा मुद्दा आंबा किंवा सागाबाबत खरा आहे. गिरिपुष्पाबाबत (ग्लिरिसिडिया) मात्र तसं होत नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडे लावणीच्या तोंडावर त्याच्या फांद्या छाटायच्या आणि पाला चिखलणीत, म्हणजे लावणीआधी शेतात चिखल करताना, गाडायचा, म्हणजे भात वाढायच्या काळात झाडाची सावली फारशी पडत नाही. हे शेंगवर्गीय झाड असल्याने पाल्यातून नत्र (नायट्रोजन) मिळतं, युरियाचा खर्च कमी होतो. चारसूत्री भातशेती या सुधारित लागवड पद्धतीचं दुसरं सूत्र म्हणजे हा पाला गाडणंच आहे. शिवाय फांदी रोवली तरी रुजते, आणि भात कापल्यावर मोकळी सुटलेली गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत.

माझी खरी तळमळ वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीची आहे. नाचणी-वरीच्या त्या उतारावरची माती दर पावसाळ्यात वाहून जाते. तिथे समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीतले) खणून दहा-दहा मीटरवर आंब्याची कलमं लावली, तर एकरी चाळीसेक आंबे बसतात आणि मधल्या पट्ट्यात नाचणी चालू राहते. पण पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागतं आणि वणव्यापासून जपावं लागतं. रोपं फुकट वाटणाऱ्यांनी या दोन गोष्टींसाठी आधी पैसे बाजूला काढावेत, नाहीतर वाटप करूच नये.