मरून पुन्हा उठणाऱ्या नायिकेची काळजी वाचकाने का करावी?

रामबागकर

मंडळी, आपल्या इंदूरच्या वाचनकट्ट्याने या महिन्यात एका सभासदाची लांब कथा वाचायला घेतली आहे. ज्यांची राहिली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नायिका तुकोगंजातल्या एका सीएच्या ऑफिसात हिशेब लिहिते. रात्री हेडसेट चढवून ऑनलाइन गेममध्ये शिरते. तिथे जो तो योद्धा नाहीतर जादूगार, ही मात्र आचारीण होते. मिळालेले सगळे गुण 'चव' या एकाच खात्यात टाकते. ताकद शून्य, त्यामुळे पातेल्यावरचं झाकणसुद्धा तिला उचलत नाही. तिसऱ्या भागात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघालेली असताना ड्रॅगन येतो, राजवाडा पेटवतो, आणि ही बाई त्याला गरमागरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, जीरावण मसाला भुरभुरून खाऊ घालते. ड्रॅगन गार. बाईंना लेव्हल बारा.

हसलो मी, नाही कशाला म्हणू. पण वाचून संपल्यावर हाती काही लागलं नाही. दुसऱ्या भागात ती दोनदा मरते आणि दोन्ही वेळा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, होळकरांच्या समाध्यांपाशी, टुणकन उभी राहते. कंटाळा आला की लॉगआउट करून झोपते. मग मी श्वास रोखायचा तो कशासाठी? याच प्रकारातली जपानी 'स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन' २००९ पासून पुस्तकरूपात आली. तिच्यात दहा हजार खेळाडू गेममध्ये अडकतात, लॉगआउटचं बटण गायब असतं आणि गेममधलं मरण खरं मरण असतं. तिथे निदान काहीतरी पणाला लागलेलं आहे.

अद्भुत आपल्याला नवं नाही. मराठीत 'मुक्तामाला' कादंबरी १८६१ची, 'मंजुघोषा' १८६८ची. पण त्यांच्या नायिकांवर संकट यायचं ते संकटच असायचं. उगाच गंमत म्हणून कोणी मरून उठत नसे.

लेव्हल_शून्य

काका, तुम्ही कबड्डी पाहता ना? गडी बाद होतो, बाहेर जाऊन बसतो, आपल्या बाजूने गुण मिळवला की जिवंत होऊन परत येतो. मरणं-जगणं हेच शब्द आपण मैदानावर वापरत आलो. म्हणून काय कोणी म्हणतं का, की गडी खरा मरत नाही तर सामना कशाला बघू? शेवटच्या चढाईला नेहरू स्टेडियममधली माणसं उभी राहतात ती कोणाच्या जिवाच्या काळजीने नाही.

रामबागकर

कबड्डीत दुसरी बाजू असते रे. सात जण तुझे पाय धरायला टपलेले असतात. इथे समोर कंपनीने पाळलेला ड्रॅगन आहे, आणि लेखिकेला तो हरवायचाच आहे.

जीरावण_जास्त

कथा माझी आहे, तेव्हा बोलते.

रामबागकर काका, 'मुक्तामाला'च्या वाचकाला ती शेवटी सुखरूप राहील की नाही याची खरंच धास्ती वाटत असेल का? मला नाही वाटत. त्या काळच्या बहुतेक अद्भुत कथांचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असे. लोक वाचत ते ती संकटातून सुटते कशी हे बघायला. माझ्या आचारणीचंही तेच. ती जिंकणार हे तुम्हाला पहिल्या पानावर कळलंय. झाकण न उचलता स्वयंपाक कसा करणार, हा प्रश्न आहे. तिने काय केलं? 'खेळाडूला पातेल्यावरचं झाकण उचलायला ताकद पाच लागते' असा नियम आहे, पण पातेलं उपडं करायला किती लागते हे नियमात लिहिलेलंच नाही. ती उतारावर स्वयंपाक करते! पूर्ण दुसरा भाग या एका पळवाटेवर उभा आहे. ज्याला नियम वाचायची खोड असते त्याला यात थरार वाटतो. हिशेबनीस बाई मी उगाच नाही घेतली.

आणि आपल्याकडे याहून जुना नमुना आहे. वेताळपंचविशी. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा तोंड उघडतो, प्रेत परत झाडावर. पुन्हा पहिल्यापासून. ही जागा आपल्यापासून किती लांब? उज्जैन पंचावन्न किलोमीटर!

रामबागकर

आणि "उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील" हे सोयीस्करपणे विसरलीस? मरण तिथे आहेच.

लेव्हल_शून्य

झाली का कधी शकलं?

रामबागकर

होऊ शकली असती. तेवढं पुरतं.

देवास_नाका

मी या धंद्यातला आहे, गेम बनवत नाही, सर्व्हर सांभाळतो. काकांचा मुद्दा मला अर्धाच पटतो, कारण मरण नसलेल्या गेममध्ये माणसं कशी वागतात त्याचे पक्के दाखले आहेत.

सप्टेंबर २००५. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये एका बंदिस्त भागातल्या राक्षसाचा रक्तदोष नावाचा संसर्गजन्य शाप होता. तो त्या भागापुरताच राहील असा बनवणाऱ्यांचा हिशेब. पण खेळाडूंच्या पाळीव जनावरांबरोबर तो शहरात आला. दुकानदार पात्रं स्वतः मरत नसत, फक्त रोग पसरवत. कमी लेव्हलवाले पटापट पडू लागले. कोणी गाव सोडून पळाले, कोणी रोग्यांवर उपचार करत बसले, आणि काहींनी मजा म्हणून मुद्दाम तो आणखी पसरवला. शेवटी कंपनीला सर्व्हर पूर्ववत करावे लागले. साथरोगाच्या अभ्यासकांनी पुढे यावर शोधनिबंध लिहिले. मरण फुकट, तरीही माणसं पळाली!

दुसरा दाखला जानेवारी २०१४चा, 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या गेममधला. एका गटाचा एका ताऱ्याच्या ताब्याचा हप्ता भरायचा राहिला. हक्क गेला, शत्रू चालून आला, जवळजवळ दिवसभर हजारो खेळाडू लढले, आणि जी जहाजं फुटली त्यांची किंमत सुमारे तीन लाख डॉलर धरली गेली. तिथे फुटलेलं जहाज परत येत नाही.

म्हणून माझी तक्रार वेगळी आहे. तुमच्या नायिकेला हिशेब येतो आणि तिच्या गेममध्ये एकही हप्ता थकत नाही? ड्रॅगन बाजूला ठेवा. एखाद्या गटाचं बिल चुकवा. ती रात्री साडेअकराला हे पकडते आणि कोणी तिचं ऐकत नाही. ती हलकीफुलकीच राहील, आणि काकांना श्वासही रोखायला मिळेल.

जीरावण_जास्त

थकलेलं बिल मी चोरतेय. आधीच सांगून ठेवते.

चष्मेवाली

सगळे मरण-मरण करताय, मला मरणापेक्षा मळमळीची पडली आहे. मी हे हेडसेट वापरून पाहिले आहेत. डोळे सांगतात चाललीस, कान सांगतो जागेवरच उभी आहेस, आणि पोट दोघांमध्ये भांडण लावून मोकळं होतं. मान वळवल्यावर चित्र वीसेक मिलिसेकंदांच्या आत वळलं नाही की घेरी येते. १९६८मध्ये आयव्हन सदरलँडने डोक्यावर घालायचा पहिला डिस्प्ले केला तो इतका जड होता की छताला टांगायला लागायचा. आता चष्म्याएवढा झाला, पण जिभेला चव देणारा अजून घरोघरी पोचलेला नाही. आणि या कथेत चवीचाच खेळ! नायिकेला जीरावणाचा वास येतो, गराडू कुरकुरीत लागतो. कसं? एका वाक्यात काहीतरी सांगून टाका आणि पुढे चला, मी वाद घालणार नाही, पण एक वाक्य तरी हवं.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. या कथेत खोलीच नाही. बाई डोक्याला डबा बांधून हवेत झारा फिरवतेय, वर पंखा चालू आहे, बाहेर सासूबाई विचारताहेत "कुणाशी बोलतेस गं?" इथे विनोद सांडून वाहतोय आणि लेखिका ड्रॅगनकडे बघत बसली आहे. गेममध्ये तिची इभ्रत वाढते, घरात कमी होते. मला तर इथेच काहीतरी पणाला लागलेलं दिसतं.

लेव्हल_शून्य

नको ना मावशी. लोक ही गोष्ट सासूबाईंपासून सुटायला वाचतात. प्रत्येक पानावर कुकरची शिट्टी वाजवली की झाली आपली नेहमीची घरगुती कथा, ड्रॅगन पाहुणा म्हणून आलेला. 'बोफुरी' म्हणून एक जपानी मालिका आहे, तिच्यातली मुलगी दुखू नये म्हणून सगळे गुण बचावाच्या खात्यात टाकते आणि त्यामुळेच अजिंक्य होते. तिची गंमत बहुतेक गेममध्येच आहे. खूप लोकांना तेवढंच पुरतं. रात्री अकराला एक भाग, हसू, झोप. अपन को और क्या चाहिए.

चष्मेवाली

मावशी म्हणालास तेवढ्यावरच मी हरकत घेते. बाकीचं ठीक.

मल्हारगंजची_आजी

मी गेम खेळत नाही. कथा मात्र वाचली, नातीने वाचून दाखवली. गराडूपर्यंत मी हसत होते.

राजवाड्याच्या आगीशी थबकले. राजवाडा १८०१मध्ये जळला, १९०८मध्ये जळला आणि १९८४च्या दंगलीत जळला. पहिल्या दोन आगी पुस्तकातल्या. तिसरीचा धूर मी आमच्या गच्चीवरून पाहिला आहे. मागचा भाग पुन्हा उभा राहायला पुढची वीसेक वर्षं गेली. आणि या कथेत ड्रॅगन तो पेटवतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनी सातही मजले जसेच्या तसे उभे करते. इथे मला कससंच झालं. तुम्ही सगळे बाई मेली की उठली यावर भांडताय. बाईचं काय, ती उठते. मला राजवाडा उठल्याचं खटकलं.

रामबागकर

आजी, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण माझी बाजू तुम्ही माझ्यापेक्षा चांगली मांडलीत.

मल्हारगंजची_आजी

मी कोणाचीच बाजू घेतलेली नाही. जाळू नका असंही मी म्हणत नाही. जाळा, पण दुसऱ्या दिवशी कोणाला तरी ते आठवू दे.

जीरावण_जास्त

आजी, नमस्कार करते. ड्रॅगन मी काढणार नाही, आगही ठेवणार आहे. पण एक बदल सुचतोय. कंपनी रोज पहाटे नकाशा पूर्ववत करते हे खरं. खेळाडूंच्या आठवणीवर तिचा हात चालत नाही. गेममध्ये राजवाड्यासमोर एक पोहेवाला आहे, माणूसच खेळतोय तो. आगीच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी लावत नाही. का लावली नाहीस म्हणून नायिका विचारते, तो विषय बदलतो. बस, एवढंच. भाषण नाही. त्याने पुन्हा गाडी लावावी यासाठी तिला काय काय करावं लागतं, हा चौथा भाग. यात गुणांचं खातं उपयोगी पडत नाही, चवीचंही नाही, कारण गाडी त्याची आहे.

देवास_नाका

आणि हप्ता?

जीरावण_जास्त

गाडीच्या जागेचा हप्ता थकलाय. सराफ्यातच घेते जागा, दिवसा सराफ बसतात त्याच ओट्यावर रात्री गाडी. गेममध्ये दिवसा तिथे जादूची रत्नं विकतात, रात्री भुट्ट्याचा कीस. एका ओट्याची दोन भाडी आणि दोन हिशेब. हिशेबनीस बाईला यापेक्षा चांगलं कुरुक्षेत्र कुठे मिळणार?

रामबागकर

हे मी वाचीन. मरणाबद्दलचं मत तसंच आहे, ते कोणी बदलायला जाऊ नये. पण एका पोहेवाल्याची गाडी लागते की नाही यासाठी मी पान उलटेन, हे खरं.

फक्त एक राहिलंच. रंगपंचमीला गराडू? गराडू थंडीतला. मार्चमध्ये सराफ्यात कोण तळतंय गराडू?

जीरावण_जास्त

गेम आहे, काका. ऋतू बदलायचं बटण आहे त्यात.

रामबागकर

मरण काढलंस, चालवून घेतलं. हे चालणार नाही.

मल्हारगंजची_आजी

यावर मी रामबागकरांच्या बाजूने.

चष्मेवाली

मीही.

लेव्हल_शून्य

मीही. सॉरी ताई.

जीरावण_जास्त

बरं. ड्रॅगनला भुट्ट्याचा कीस.

रामबागकर

भुट्टा पावसाळ्यातला.