मदत हवी आहे: 2018चे तमिळ सिनेमे आईला कसे दाखवू?

मंडळी, 2018च्या सप्टेंबरअखेरीपासून जेमतेम तीन आठवड्यांत ‘परियेरुम पेरुमाळ’, ‘96’, ‘राक्षसन’ आणि ‘वडा चेन्नई’ आले (वडा म्हणजे उत्तर, खायचा नव्हे!). ‘परियेरुम पेरुमाळ’ तर दिग्दर्शक मारी सेल्वराजचा पहिलाच सिनेमा, तिरुनेलवेलीत वकिली शिकायला आलेला दलित मुलगा, त्याची ती करुप्पी कुत्री... अजून डोक्यातून जात नाही.

आता आईला दाखवायचेत, पण इंग्रजी सबटायटल वाचेपर्यंत तिचं चित्र पुढे निघून जातं. ‘राक्षसन’ नकोच, रात्रभर दिवा चालू ठेवेल. विजय सेतुपती-त्रिशाचा ‘96’ आवडेल, पण त्यातली मजा बोलण्यातच आहे. हिंदी डब लावू, की शेजारी बसून मीच सांगत राहू? कुणी केलंय का असं? आणि त्या वर्षातलं आणखी काय बघू?