मदत हवी आहे: कोल्हापूर-मिरज मीटरगेजची जुनी तिकिटं

मंडळी, 1891 ला सुरू झालेली कोल्हापूर-मिरज रेल्वे लाइन (मीटरगेज, म्हणजे रुळांमधलं अंतर एक मीटर) कोल्हापूर संस्थानच्या मालकीची, पण गाड्या चालवायची सदर्न मराठा रेल्वे. 1908 ला ही कंपनी मद्रास रेल्वेशी एक होऊन एम. अँड एस. एम. (मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे) झाली, 1944 ला सरकारकडे गेली आणि 1951 ला सदर्न रेल्वेत विरली.

या लाइनवरच्या रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर यापैकी कुठल्याही स्टेशनचं 1951 पूर्वीचं पुठ्ठ्याचं तिकीट कुणाकडे आहे का? तिकिटावर छापलेली कंपनीची आद्याक्षरं कधी बदलली ते त्यावरूनच नक्की लावता येईल. फोटो दोन्ही बाजूंचा हवा. तारखेचा ठसा पुठ्ठ्यात दाबलेला आणि फिकट असतो. उजेड बाजूने तिरका टाका, मग आकडे उठून दिसतात. आणि कृपा करून लॅमिनेशन नको! उष्णतेने ठसा सपाट होतो, चिकटलेलं प्लास्टिक परत निघत नाही.