मदत हवी आहे : एडीएचडीचं औषध सुरू केलं, आता घर डोक्यावर

निळाई
घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मुलाला एडीएचडी आहे (लक्ष टिकत नाही, अतिचंचल). औषध सुरू केल्यावर शाळेतल्या तक्रारी कमी झाल्या. बाई म्हणतात मधल्या सुट्टीपर्यंत गुणी बाळ, मग पुन्हा पहिले पाढे. पण घरी आल्यावर जे सुरू होतं ते विचारू नका. रडणं, चावणं, दप्तर लाथाडणं. काल रिमोट टीव्हीवर भिरकावला. डॉक्टरांची तारीख लांब आहे. डोस वाढवू की औषध बंदच करू? सासूबाईंचं म्हणणं, गोळ्यांनीच पोर बिघडलं.

चकलीची भाजणी
वय काय? औषध कुठलं? किती वाजता देता? डबा खातो का? यातलं काहीच न सांगता डोस वाढवू का विचारलंत तर कोण काय बोलणार!

निळाई
सहा पूर्ण, पहिलीत. मिथिलफेनिडेट एसआर, सकाळी सातला. शाळा आठ ते दीड. डबा जसाच्या तसा परत येतो, पण प्रश्न डब्याचा नाहीये.

कोकणकडा
गोळ्या आधी बंद करा. ब्राह्मी सुरू करा, दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन. साखर आणि मैदा हद्दपार. माझा भाचा असाच होता, आता एका जागी बसून पोथी वाचतो.

सुमेध
साखरेमुळे एडीएचडी होत नाही, चाचण्यांत तसं काही आढळलेलं नाही. साखर कमी करायची तर दातांसाठी करा. आणि दुसऱ्याच्या मुलाचं औषध इथून बंद करायला सांगू नका.

कोकणकडा
हे औषध अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, हे पण सांगा की त्यांना!

सुमेध
येतं, १९८५च्या. म्हणून तर केमिस्ट चिठ्ठीशिवाय देत नाही आणि सगळ्या दुकानांत मिळत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीत ठरल्या डोसात घेतलं की मूल व्यसनी होतं, असा त्याचा अर्थ नाही. आमची मुलगी घेते. दर भेटीत उंची, वजन, बीपी बघतात.

पावशेर
दहावीला जादा वेळ मिळतो. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, मुंबईत असाल तर सायन हॉस्पिटलला चौकशी करा. कागद आत्तापासून जमवा.

चकलीची भाजणी
अहो पहिलीत आहे तो!
निळाई, डब्याचा प्रश्न आहेच. या औषधाने भूक मरते आणि असर उतरला की एकदम खवळते. त्याच वेळी चिडचिडही उसळते. आमच्याकडे दारातच हातात लाडू किंवा पराठा द्यायचा, 'आज शाळेत काय केलं' विचारायचंसुद्धा नाही. भिंतीवर तीन चित्रं : हातपाय धुणं, खाणं, सायकल. एकेक झालं की लगेच चांदणी चिकटवायची. आठवडाभराने मिळणारं बक्षीस या वयात उपयोगाचं नाही. सूचनाही एका वेळी एकच. नाश्ता मात्र गोळीच्या आधी, पोटभर.

डॅलसकर
इकडे अमेरिकेत अ‍ॅडरॉल हे एडीएचडीचं दुसरं औषध सर्रास देतात, भारतात ते मिळत नाही. मिथिलफेनिडेटचं पातळ औषधही असतं इकडे, लहानांना सोपं.

निळाई
पातळ मिळतं? इथे मिळालं तर सुटलेच. याला गोळी गिळता येत नाही, रोज खलबत्त्यात कुटून शिकरणात कालवावी लागते.

सुमेध
थांबा. एसआर गोळी कुटायची नसते! ती सावकाश विरघळावी अशी बनवलेली असते. कुटली की बरंचसं औषध एकदम अंगात जातं आणि साध्या गोळीसारखं चारेक तासांत उतरतं. सात आणि चार, अकरा. तुमच्या बाईंची 'मधली सुट्टी' बरोबर तिथेच येते. डोस वाढवून कुटत राहिलात तर सकाळी जास्तच चढेल.

निळाई
हे मला ना डॉक्टर बोलले ना दुकानदार! मग उद्या सकाळी काय देऊ?

सुमेध
ते इथे विचारू नका. तारखेची वाट न बघता आजच दवाखान्यात फोन करा आणि 'गिळत नाही, कुटून देत होते' हे सांगा. साधी गोळी दोनदा, किंवा उघडून दाणे खाण्यावर टाकता येतात अशी कॅप्सूल, असे पर्याय असतात. कुठला ते त्यांनी ठरवायचं. दुपारची गोळी उशिरा पडली तर रात्री झोपेचे वांधे, तेही विचारून घ्या.

चकलीची भाजणी
गिळायला शिकवता येतं. समोर बसवून, मान सरळ ठेवून, आधी साबुदाण्याचा शिजलेला दाणा, मग थोडं मोठं काहीतरी, पाण्याच्या घोटाबरोबर. जबरदस्ती नको, आणि रडत असताना तर मुळीच नको.

निळाई
फोन कुणी उचलत नाहीये, मेसेज टाकलाय. पराठ्याचं आजच करते.

कोकणकडा
पण केळं आणि दूध एकत्र? विरुद्ध आहार आहे तो. मी म्हणतच होतो.

चकलीची भाजणी
शिकरणासाठी वेगळा धागा काढा.