पाठलागाची स्वप्नं: अर्थ काढावा की सोडून द्यावा?

रानवाट:
बहिणीला सध्या साप मागे लागल्याची स्वप्नं पडतायत, एका ज्योतिषांनी कालसर्प सांगून शांतीचा खर्च हातात ठेवलाय आणि ती आता रात्री झोपायलाच घाबरते. माझं मत स्पष्ट आहे, असल्या स्वप्नांना फळबिळ काही नसतं. अँटी रेवोनसुओ या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने २००० साली मांडलं होतं की धोक्याची स्वप्नं म्हणजे मेंदूने झोपेत केलेली तालीम, जंगलातल्या आपल्या पूर्वजांना पळायचा, लपायचा सराव त्यातून मिळायचा आणि ती खोड आपल्यात राहिली. बास, एवढंच.

कोयनाकाठ:
तालीम?? अहो मग पाय का उचलत नाहीत? मी दरवेळी जागच्या जागी, ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही, असल्या तालमीने पूर्वज वाघाच्या तोंडीच गेले असते. आणि मला हे स्वप्न नेमकं घरात पैशाची ओढाताण असली की पडतं. याला अर्थच नाही हे मला पटत नाही.

रानवाट:
पायांचं म्हणाल तर आरईएम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेत, डोळे आणि श्वास सोडून अंगाचे बहुतेक स्नायू मेंदूच बंद ठेवतो, त्याचाच तो भास असावा. टेन्शन मान्य, पण टेन्शनने पडतं म्हणजे पुढचं काही सांगतं असं नाही ना.

जुनी वही:
बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला हेच सांगतात, स्वप्नात कोणी मारतंय, हत्ती मागे लागलाय, खड्ड्यात पडतोय असं वाटतं, ते जागेपणी पाहिलेलं भयच अविद्येमुळे तिथे खरं वाटतं. आणि चरकाने स्वप्नाचे सात प्रकार सांगितलेत, पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं हे पाच निष्फळ. शास्त्राच्या नावाने घाबरवणाऱ्यांना हे विचारा.

तुळशीकट्टा:
अर्धंच सांगितलंत. उरलेल्या दोनांना, भाविक (पुढचं सुचवणारं) आणि दोषज (वात-पित्त-कफ बिघडून पडणारं), फळ आहे हेही तिथेच आहे. सगळंच झटकून टाकू नका. शांती करून माणूस निवांत झोपत असेल तर बिघडलं कुठे?

रानवाट:
बिघडतं. आधी भीती घालायची आणि मग उतरवायचे पैसे घ्यायचे! सापाची भीती होती, आता वर कालसर्पाची.

रात्रपाळी:
दवाखान्यात काम करते म्हणून सांगते. पन्नाशी उलटलेला माणूस पाठलागाच्या स्वप्नात खरोखर लाथा मारत असेल, पलंगावरून पडत असेल तर अर्थ शोधत बसू नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. अशा माणसांचे ते स्नायू झोपेत बंद राहत नाहीत आणि बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन्स होतो. बीपीच्या काही गोळ्यांनीही, उदा. प्रोप्रॅनोलॉल, भयानक स्वप्नं पडतात, गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगायचं. आणि बहिणीला म्हणावं, दिवसाउजेडी स्वप्न कागदावर लिही, त्याचा शेवट हवा तसा बदल आणि रोज थोडा वेळ ते नवीन स्वप्न मनात घोळव. २००१ साली अमेरिकेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांवर या पद्धतीचा अभ्यास छापून आला, त्यांची दुःस्वप्नं बरीच कमी झाली होती.

कोयनाकाठ:
हे करून बघेन. पण रानवाट, तुमच्या बहिणीला कोणी विचारलंय का, दिवसा तिच्या मागे काय लागलंय ते? ज्योतिषांनी नाही विचारलं, आणि तुमचंही सगळं पूर्वजांवरच चाललंय.