'मुळावरची बुरशी' की 'मुळातली बुरशी'?

प्रश्न : मुलांच्या मासिकासाठी ऑर्किडवर लिहिते आहे. 'मायकोरायझा'ला 'मुळावरची बुरशी' म्हटलं, तर संपादक म्हणाले की हा रोग वाटतो. 'कवक' मुलांना कळणार नाही. काय लिहू?

उत्तर : संपादकांना खटकलं ते योग्यच. पण दोष 'बुरशी'चा नाही, 'वर'चा आहे. 'माझ्या मुळावर उठलाय' म्हणताना आपल्याला नाशच सांगायचा असतो, आणि तोच अर्थ इथे कानात वाजतो. शिवाय ऑर्किडपुरतं ते खरंही नाही. ओक, बीच अशा झाडांच्या बारीक मुळांवर बुरशीचं आवरण चढतं. १८८५ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी 'बुरशी' आणि 'मूळ' यांचे ग्रीक शब्द जोडून 'मायकोरायझा' हे नाव केलं, ते अशीच मुळं पाहून. ऑर्किडची बुरशी मात्र थेट पेशीत शिरते. झाडाच्या सालीला चिकटलेल्या ऑर्किडच्या मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरा. एका पेशीत लोकरीच्या गुंड्यासारखं वेटोळं दिसेल, शेजारच्या पेशीत तेच पचून उरलेला चोथा. तेव्हा बिनधास्त 'मुळातली बुरशी' लिहा.

आणि सुरुवात बियांपासून करा. आमच्या आंब्यावर सीतेची वेणी हे ऑर्किड आहे. तिची शेंग तडकली तेव्हा कागदावर झटकून पाहिली, तर पिवळसर भुकटी, तपकिरीसारखी. नुसत्या श्वासाने उडाली. वालाच्या दाण्यात दोन डाळिंब्यांची शिदोरी असते; या बीत ती जवळजवळ नाहीच. म्हणून रानात बुरशी आत शिरून भरवू लागली तरच ते रुजतं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांना हे १८९९ मध्ये फ्रान्समधल्या फॉन्तेनब्लोच्या जंगलात उमगलं. नेओट्टिया निडस-एविस या ऑर्किडची इवली रोपं त्यांना सापडली, आणि त्या सगळ्यांत बुरशी होती. पुढे १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या आगरवर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या जेलीवर, बुरशीशिवाय ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं.

'मोड आला' मात्र लिहू नका. आधी मूळ फुटतच नाही, नुसता ठिपक्याएवढा गोळा फुगतो. 'रुजलं' चालेल.

प्रश्न : आभार. मग या नात्याला 'सहजीवन' म्हणू? आणि ऑर्किडचा 'यजमान' कोण, ते ज्यावर वाढतं ते झाड की बुरशी?

उत्तर : 'सहजीवन' जपून वापरा. त्या शब्दात बरोबरीची देवघेव आहे, आणि कोवळेपणी इथे सगळं एकतर्फी चालतं. बी त्या बुरशीलाच पचवून वाढतं. हिरवी पानं आल्यावर साखर परत देणारी ऑर्किडं आहेत. युरोपातल्या गुडयेरा रेपेन्स या ऑर्किडमध्ये ते मोजून पाहिलेलं आहे. बर्नार यांच्या त्या नेओट्टियाला हिरवी पानंच नाहीत, ती जन्मभर बुरशीवरच जगते.

'यजमान' तर गाळाच. यजमान घरही देतो आणि जेवूही घालतो. इथे घर झाडाचं आणि जेवण बुरशीचं. तिच्यासाठी आपल्याकडे शेतकऱ्याला वापरतो तो शब्द आहे, 'पोशिंदा'. 'पोशिंदी बुरशी' लिहा, मुलांना लगेच कळेल.