मेट्रो भाड्याचा फिरणारा तक्ता: नवी मुंबई खरंच स्वस्त?

पेंधरवाला
सोसायटीच्या ग्रुपवर तक्ता फिरतोय: मेट्रोचं कमाल भाडं नवी मुंबईत ३० रुपये, दिल्लीत ६४, बंगळुरूत ९०. खाली शेरा, 'आपलीच मेट्रो स्वस्त'. हे पटत नाही. नक्की चुकतंय कुठे?

तळोजा_फाटा
आकडे २०२५ च्या दरांशी जुळतात, पण कमाल भाडं हे मुळात मार्गाच्या लांबीचं माप आहे. नवी मुंबई मेट्रोचा बेलापूर–पेंधर मार्ग जेमतेम ११ किमी, त्यापुढे भाडं वाढायला रूळच नाहीत! दिल्लीचे ६४ हे ३२ किमीच्या पुढचे, बंगळुरूचे ९० हे २५ किमीच्या पुढचे.

अंतर सारखं धरा. ११ किमीला नवी मुंबई ३०, दिल्ली ३२, बंगळुरू ६०. ३ किमीला अनुक्रमे १०, २१, २०. म्हणजे दिल्ली आणि बंगळुरूचा क्रमच उलटला. म्हणून ३, ७, ११ अशी निदान तीन अंतरं तरी घ्या. टप्प्याच्या कडेवरचं अंतर मात्र टाळा: दिल्लीत ५ किमीपर्यंत २१, जरा पुढे गेलात की ३२.

तारीखही बघा. आपलं कमाल भाडं सप्टेंबर २०२४ पर्यंत ४० होतं, दिल्लीचं ऑगस्ट २०२५ पर्यंत ६०. जुने-नवे दर एकाच तक्त्यात हमखास मिसळलेले असतात.

कोपरीकर
शिवाय घर ते ऑफिस हिशोब करा. पेंधरहून वाशीला जायचं तर बेलापूरला लोकलचं तिकीट वेगळं. दिल्लीत मार्गिका बदलली तरी मेट्रोचं तिकीट तेच. वर स्टेशनपासून रिक्षा केली तर पहिल्या दीड किमीलाच २६ रुपये.

पेंधरवाला
आणि 'ठाणे–सीएसएमटी लोकल १५ रुपयांत, मेट्रो किलोमीटरमागे सहापट महाग' हा दुसरा मेसेज?

कोपरीकर
गणित बरोबर, जोडी चुकीची. ते १५ रुपये सेकंड क्लासचे, मेट्रो एसी. एसीची तुलना एसी लोकलशीच करा. उलट रोजच्या प्रवाशासाठी फरक सहापटीहून मोठा आहे, कारण तो लोकलचा सेकंड क्लासचा पास काढतो: महिन्याचे २१५ रुपये. महिन्याला ५२ फेऱ्या धरल्या तर फेरी साधारण ४ रुपये १५ पैशांना पडते.

तळोजा_फाटा
दिल्लीलाही कार्डाचा दर लावा: १० टक्के सूट, गर्दी नसलेल्या वेळेत आणखी १०. तक्तेवाले नेमकं हेच गाळतात.